अलल डुर्र ते हस्तर : ट्रेलर आपल्याला ताणतो कसा?

आजचा एपिसोड ट्रेलरवर आहे. पण सुरुवात हॉलिवूडपासून नाही, यूट्यूबपासूनही नाही. आपण जायचंय सांगलीला, सन १८४३.

५ नोव्हेंबर १८४३. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे 'सीतास्वयंवर' नावाचा खेळ करतात. मराठी नाटकाची सुरुवात इथून मोजतात, आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. शाळेत हे एका मार्काचं उत्तर असतं, 'मराठीतलं पहिलं नाटक कोणतं?', आणि आपण पुढे जातो. मला त्या खेळातली एक वेगळीच गोष्ट जास्त भारी वाटते. त्यात प्रेक्षकाला थांबवून ठेवायची जी तऱ्हा होती, ती आजच्या दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये जवळजवळ तशीच सापडते.

खेळ कसा चालायचा ते आधी बघू. सुरुवातीला सूत्रधार येऊन मंगलाचरण म्हणणार. मग वनचराच्या वेशातला विदूषक उड्या मारत येणार, सूत्रधाराशी चेष्टामस्करी करणार. मग गणपती. मग मोरावर बसलेली सरस्वती, तिचं नृत्य. एवढं सगळं झाल्यावर मूळ कथा. आता गंमत बघा, कथेत पुढे काय होणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. धनुष्य राम मोडणार, सीता माळ त्यालाच घालणार. सस्पेन्स म्हणावा असा काही नाहीच. तरी लोक धरून बसायचे, कारण प्रश्न 'काय होणार' हा नव्हताच. प्रश्न होता 'कधी होणार, आणि कसं दाखवणार'.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण ट्रेलर याच्यावरच उभा असतो. ॲक्शनपटाच्या ट्रेलरमध्ये हिरो मरणार नाही हे तुम्हाला माहीत असतं. लव्ह स्टोरीत दोघं भेटणार हेही माहीत असतं. प्रकार माहीत असणं, म्हणजे इंग्रजीत ज्याला जॉनर म्हणतात, ते ताण कमी करत नाही. उलट तो ताण धरायला खुंटी देतं. लोकांना पुढचं ठाऊक आहे म्हणूनच तुम्ही ते लांबवू शकता.

आणि मग राक्षस. भाव्यांच्या नाटकातल्या राक्षसांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की त्या काळच्या नाटकांना लोक थट्टेने 'अलल डुर्र'ची नाटकं म्हणायचे. कारण राक्षसाची आरोळीच तशी. आधी पडद्याआडून आवाज. मग राळेचा भपका, म्हणजे राळेची पूड पेटत्या मशालीवर उडवायची की ज्वाला भस्सकन वर येते. आणि त्या धुरात रंगवलेला चेहरा. आधी आवाज, मग उजेड, मग माणूस. या क्रमाने.

आजचा एडिटर याला जे-कट म्हणतो. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर चित्राची पट्टी वर असते आणि आवाजाची खाली. पुढच्या सीनचा आवाज त्याच्या चित्राच्या आधी सुरू केला, तर खालची पट्टी डावीकडे पुढे निघते आणि इंग्रजी जे अक्षरासारखा आकार दिसतो. कुठलाही हॉरर ट्रेलर लावा. दाराचा करकर आवाज आधी येईल, दार नंतर दिसेल. मधल्या त्या अर्ध्या सेकंदात तुमच्या डोक्याने स्वतःच एक दार बनवलेलं असतं, आणि ते दिग्दर्शकाच्या दारापेक्षा भीतीदायक असतं. सांगलीत हे काम पडदा करत होता. सॉफ्टवेअर नव्हतं, पण क्रम तोच.

आता ट्रेलर हा शब्द. ट्रेलर म्हणजे मागून ओढत येणारं. सुरुवातीला या जाहिराती सिनेमा संपल्यावर दाखवायचे, म्हणून ते नाव. मग लक्षात आलं की सिनेमा संपला की लोक उठून जातात, म्हणून ते पुढे आणलं. नाव मात्र मागचंच राहिलं. पहिला ट्रेलर म्हणून साधारणपणे १९१३ सालच्या एका तुकड्याचं नाव घेतात. न्यूयॉर्कमध्ये मार्कस लो यांच्या थिएटरांची जाहिरात बघणारे निल्स ग्रानलुंड यांनी तो बनवला. आणि तो सिनेमाचा नव्हताच! 'द प्लेझर सीकर्स' नावाच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकाच्या तालमीचं चित्रीकरण होतं ते. म्हणजे जगातला पहिला ट्रेलर नाटकाचा. सांगलीकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

त्याच वर्षी, ३ मे १९१३ ला, मुंबईच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळक्यांच्या जाहिरातीचा किस्सा प्रसिद्ध आहे. चार-पाच तास चालणाऱ्या नाटकाची सवय असलेल्या लोकांना तासाभराचा सिनेमा म्हणजे लूट वाटायची. मग त्यांनी जाहिरात फिरवली : सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे. कथेबद्दल एक शब्द नाही, कारण हरिश्चंद्राची कथा सगळ्यांना माहीत. प्रेक्षकाला जे येतं ते सांगायचं नाही, जे त्याने पाहिलेलं नाही त्याची फक्त लांबी सांगायची. मला हे मार्केटिंग आजच्या अर्ध्या मोशन पोस्टरपेक्षा हुशार वाटतं.

आता सांगली जिल्ह्यातच राहू, पण राजवाड्यातून बाहेर पडून जत्रेच्या मैदानात जाऊ.

तमाशा म्हटलं की आपल्या पिढीला लावणीचं रील आठवतं. पण तमाशाचा पूर्ण खेळ म्हणजे गण, गवळण, बतावणी, आणि शेवटी वग. वग म्हणजे खरं नाटक, खरी गोष्ट. तो शेवटी, रात्र चढल्यावर. तोपर्यंत? तोपर्यंत ताणणं. सुरुवातीला रिकाम्या बोर्डावर नुसती ढोलकी आणि हलगी वाजणार. माणूस कोणी नाही. (ऑडिओमध्ये इथे ढोलकीचा एक तुकडा आहे. वाचणाऱ्यांनी कल्पना करा, संथ लय, मग दुप्पट, मग एकदम बंद.) ते 'एकदम बंद' महत्त्वाचं. गवळणीत कृष्ण आणि पेंद्या वाट अडवणार, मावशी भांडणार, बाजाराला निघालेल्या गवळणी बाजाराला काही लवकर पोचणार नाहीत. वाट अडवणं हाच तिथला विषय, आणि प्रेक्षकाचीही वाट तशीच अडवलेली.

सवाल-जवाब आठवा. एक बाजू प्रश्न टाकते, दुसरी उत्तर देते, आणि प्रत्येक फेरीत मधली जागा कमी होत जाते. सिनेमात याला क्रॉस कटिंग म्हणतात. इकडचा चेहरा, तिकडचा चेहरा, इकडचा, तिकडचा, शॉट लहान होत जातात. ट्रेलरच्या शेवटच्या वीस-तीस सेकंदांत जे होतं ते हेच. शॉट मोठ्याचे छोटे, मग त्याहून छोटे, ढोल चढत जातो, आणि मग काळा पडदा. शांतता. मग एक शेवटचा ठोका किंवा एक वाक्य. हा काळा पडदा नसेल तर आधीचा सगळा वेग वाया जातो. कानाला शांतता मिळाली की मगच त्याला कळतं, आपण किती गोंगाटात होतो.

शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. मूळ नाव श्रीधर कुलकर्णी. घरदार आणि जात सोडून ते तमाशात गेले, आणि त्या काळात या निर्णयाची किंमत काय असेल हे वेगळं सांगायला नको. सांगलीजवळच्या कवलापूरची काळू-बाळूंची जोडी त्यांच्या बऱ्याच नंतरची. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. त्यांचा 'जहरी प्याला' हा वग गाजला, आणि त्यातल्या हवालदारांच्या जोडीवरून त्यांना हे नाव मिळालं. नुसतं नाव बघा : जहरी प्याला. नावातच सांगून टाकलंय की विष आहे आणि ते कोणीतरी पिणार आहे. कोण आणि कधी, एवढंच शिल्लक. हिचकॉक ज्याला सस्पेन्स म्हणायचा तो असा. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत, टेबलाशी बसलेल्यांना नाही. आणि मध्ये हवालदारांची कॉमेडी, म्हणजे श्वास घ्यायला जागा. नुसता ताण दिला तर माणूस ताणाला सरावतो, हे कवलापूरच्या फडाला कोणी पुस्तकातून शिकवलं नसणार.

आता एक माणूस, ज्याच्यामुळे हा एपिसोड करावा असं मला वाटलं. नारायण हरी आपटे. जन्म १८८९, समडोळी, सांगली जिल्हा. पुढे आयुष्य गेलं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला, मृत्यूही तिथलाच, १९७१ साली. कादंबरीकार. 'हरी नारायण आपटे' वेगळे, हे 'नारायण हरी आपटे', परीक्षेत यात भल्याभल्यांचे मार्क गेलेत. या एका लेखकाच्या गोष्टींवरून तीन असे सिनेमे झाले, ज्यांत मराठी सिनेमा ताण निर्माण करायला शिकताना दिसतो.

पहिला, 'सावकारी पाश', १९२५. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी केलेला मूकपट. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो, शेतकरी शहरात मजूर होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. या मूकपटाची प्रत आज बघायला मिळत नाही, पण दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी त्यातल्या एका दृश्याची आठवण सांगितली आहे : अंधारात बुडालेली एक उदास झोपडी आणि रडणारं कुत्रं. थांबा. मूकपट आहे, आवाज नाही! तरी बघणाऱ्याच्या आठवणीत राहिलंय ते कुत्र्याचं रडणं. आपल्याकडे रात्री कुत्रं रडलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, 'हाकल रे त्याला'. तो अपशकुन आपल्या कानात आधीपासून होता. पेंटरांनी फक्त चित्र दाखवलं, आवाज प्रेक्षकाने स्वतःच्या घरून आणला. प्रकाराच्या खुणा म्हणतात त्या ह्याच. परदेशी हॉरर ट्रेलरमध्ये चर्चची घंटा आणि लहान मुलांचं गाणं जे काम करतं, ते आपल्याकडे रडणारं कुत्रं करतं. ज्या गावात जशी भीती, तशी खूण.

दुसरा, 'अमृतमंथन', १९३४. प्रभातने कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर केलेला, शांताराम दिग्दर्शित, आपट्यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवरून. बळी देणारा राजगुरू आणि त्याला विरोध करणारा राजा. हा आठवतो तो राजगुरूच्या डोळ्यामुळे. हिंदीत चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. पडदाभर एकच डोळा. टेलिफोटो लेन्सने टिपलेला. त्याच्याआधी इकडच्या प्रेक्षकाने माणूस बघायचा तो बहुतेक नाटकाच्या अंतरावरून, डोक्यापासून पायापर्यंत. डोळा एवढा मोठा दिसतो तेव्हा त्या माणसाचं बाकी शरीर, हात, हातात काय आहे, हे काहीच दिसत नाही. जे दिसत नाही त्याची भीती. आजच्या थ्रिलरच्या ट्रेलरमध्ये डोळ्याचा क्लोजअप, कुलपाच्या भोकाचा क्लोजअप, बोटांचा क्लोजअप किती असतात ते मोजा एकदा.

तिसरा, आणि माझा सगळ्यात आवडता, 'कुंकू', १९३७. हिंदीत 'दुनिया न माने'. आपट्यांच्या कादंबरीचं नाव 'न पटणारी गोष्ट'. पुन्हा नाव बघा! हे शीर्षक नाही, हे आव्हान आहे.

इथे थोडं मागे जाऊन सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊ. गोविंद बल्लाळ देवल तिथले. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ चं. म्हातारा भुजंगनाथ, कोवळी शारदा, पैशासाठी लावलेलं लग्न. शेवटी लग्न मोडतं, कारण वर-वधू सगोत्र निघतात. या नाटकाने महाराष्ट्रात जरठ-कुमारी विवाह हा एक प्रकारच बनवून टाकला. म्हणजे १९३७ चा प्रेक्षक थिएटरात बसला, म्हातारा नवरा आणि तरुण मुलगी बघितली, की त्याच्या डोक्यात देवलांचा नकाशा तयार. कोणीतरी येईल, मांडवात ओरडेल, लग्न थांबेल.

'कुंकू'त लग्न थांबत नाही. फसवून लावलेलं लग्न लागतं, आणि सिनेमा तिथून सुरू होतो. नायिका, म्हणजे शांता आपटे, त्या म्हाताऱ्या वकिलाला नवरा मानायलाच नकार देते. 'शारदा'त ताण जिथे संपतो, तिथे 'कुंकू'त तो चालू होतो. हरिपूरच्या देवलांनी प्रकार घडवला, आणि समडोळीच्या आपट्यांनी तो मध्येच मोडून दाखवला. दोन्ही गावं सांगलीच्या आसपासची. हा योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो.

आणि शांतारामांनी यात एक डेअरिंग केलं. 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण जे वाजतं ते दृश्यातच कुठेतरी वाजत असतं. बाकी घरातले आवाज. काकासाहेबांच्या घरात भिंतीवरचं जुनं घड्याळ आहे, ते मालकासारखंच थकलेलं. व्हायोलिन नाही, ढोल नाही, म्हणून त्या घरात प्रत्येक आवाज ऐकू येतो. आणि एक फुटलेला आरसा, ज्याच्या प्रत्येक तुकड्यातून काकासाहेबांचाच चेहरा त्यांना चिडवतोय. केशवराव दात्यांचं ते काम आज बघताना म्हाताऱ्याचीही कीव येते, आणि कीव आली म्हणून राग जात नाही.

मी एक खेळ खेळलो. आज 'कुंकू'चा नव्वद सेकंदांचा ट्रेलर कापायचा तर कसा कापीन? सुरुवात काळ्या पडद्याने, नुसती टिकटिक. मग लग्नघरातली गडबड, हसणारे चेहरे, मोकळे लांब शॉट. नवऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही. फक्त हात, काठी, पगडी. मुलगी मान वर करते, कट. टिकटिक. काकासाहेबांचा चेहरा पहिल्यांदा तिथे. मग शॉट छोटे करत न्यायचे : बंद दार, घड्याळ, तिची पाठ, घड्याळ, दार. आरसा फुटतो तो शॉट वापरायचा मोह होईल, तो आवरायचा. तो सिनेमासाठी ठेवायचा. शेवटी टिकटिक थांबते. नाव येतं. बस. एका सुरावटीची गरज नाही. हे करताना मला कळलं की ट्रेलर कापणं म्हणजे काय दाखवायचं हे ठरवणं कमी, आणि कशावर हात ठेवायचा हे ठरवणं जास्त.

त्या काळी हे काम सिनेमाच्या चोपड्या करायच्या. थिएटरबाहेर गाण्यांची पुस्तिका मिळायची, त्यात कथासार छापलेलं. कथासार ऐन मोक्यापर्यंत यायचं आणि मग थांबायचं : पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा. कागदावरचा काळा पडदा, दुसरं काय. थिएटरात काचेच्या स्लाइड दाखवायचे, 'लवकरच येत आहे'. आणि जत्रेत टुरिंग टॉकीज. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीची खंडोबाची यात्रा, खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, सातारा-सांगलीच्या अशा जत्रांत कनाती ठोकून तंबूत सिनेमा चालायचा. गाडीवर भोंगा बांधून निवेदक ओरडत फिरायचा. त्याच्याकडे क्लिप नाही, फक्त आवाज. मारामारी, रडारड, देव, नाग, सगळं त्याने तोंडाने विकायचं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही डॉक्युमेंटरी २०१६ साली कान महोत्सवात दाखवली गेली, ती महाराष्ट्रातल्या याच फिरत्या तंबूंवर आहे. मिळाली तर चुकवू नका. गंजलेला प्रोजेक्टर आणि वाट बघणारी पोरं, डोळ्यासमोरून जात नाही.

बाहेरच्या जगातही भोंगेवाला होताच. १९६० साली 'सायको'चा ट्रेलर आला तेव्हा हिचकॉक स्वतः सहा मिनिटांहून जास्त वेळ सेटवर फिरवून आणतो. इथे जिना, इथे काहीतरी भयंकर झालं, जाऊ दे, नको सांगायला. वाक्यं अर्धी सोडतो, मिश्कील हसतो. शेवटी बाथरूमचा पडदा ओढतो आणि किंकाळी. भाव्यांचा सूत्रधार आणि विदूषक एकाच कोटात. पडदासुद्धा आहे!

मग पुढे आपल्या काळात. २०१० च्या 'इन्सेप्शन'नंतर सगळ्या ट्रेलरांना तो भोंग्यासारखा 'ब्रॅऽऽम' आवाज चिकटला. यूट्यूबच्या जाहिरातीला पाच सेकंदांनी स्किपचं बटण आलं, आणि मग ट्रेलरच्या आधी ट्रेलरचाच पाच सेकंदांचा ट्रेलर यायला लागला. यावर म्हणे आपली पिढी जबाबदार, आपल्याला धीर नाही. मला हे पटत नाही. मी ॲपमधल्या बटणांचा कोड लिहून पोट भरतो. बटण तिथे ठेवलं की अंगठा तिथे जाणार, याला स्वभाव म्हणत नाहीत, डिझाइन म्हणतात. हीच पिढी ओटीटीवर आठ-आठ तास एका जागी बसते.

आणि हीच पिढी 'तुंबाड'ला गेली. राही अनिल बर्वे यांचा सिनेमा, नारायण धारपांच्या कथेचा धागा असलेला, १२ ऑक्टोबर २०१८ ला लागलेला. नाव आणि गाव कोकणातलं, पण त्यातला वाडा सासवडचा, आणि महाबळेश्वर-सातारा भागातही चित्रीकरण झालेलं. त्यातला पाऊस म्हणजे आमच्या घाटमाथ्याचा पाऊस, छत्री उलटी करणारा. हवा तसा पाऊस मिळावा म्हणून काही पावसाळे थांबून शूटिंग केलं. ट्रेलरमध्ये पाऊस, वाडा, कंदिलाचा उजेड, सोन्याची मुद्रा, आणि हस्तर हे नाव. हस्तर नीट दिसत नाही, फक्त लाल काहीतरी. आजी, अंधार, 'झोप नाहीतर तो येईल' ही धमकी, हे आपल्याला बागुलबुवापासून पाठ आहे. पुन्हा तेच, खूण आपल्या घरातली, चित्र त्यांचं. पहिल्या वेळी बेताचं चाललेला हा सिनेमा १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावला, आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. तोवर कथा सगळ्यांना माहीत होती. तरी लोक गेले, 'सीतास्वयंवर'ला जायचे तसे.

(जाता जाता, ट्रेलरमधला भूगोल हा एक वेगळा एपिसोड होईल. 'गंगाजल'मध्ये वाई बिहारमध्ये आहे, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशात. 'स्वदेस'ला मेणवलीचा घाट. दोन सेकंदांचा कट असला की गाव कुठल्याही राज्यात जातं.)

हे हसण्यावारी नेलं, पण यात एक खरा प्रश्न आहे. ट्रेलर इकडचं वाक्य तिकडच्या चेहऱ्याला जोडतो, सिनेमात नसलेला शॉट दाखवतो. मग ट्रेलर हे वचन आहे का?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातूनच सुप्रीम कोर्टात गेला. २०१६ साली 'फॅन' आला. 'जबरा फॅन' हे गाणं प्रोमोमध्ये सगळीकडे वाजत होतं, सिनेमात ते नव्हतंच. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या एक शिक्षिका मुलांना घेऊन गेल्या होत्या, गाणं नाही म्हणून त्यांनी ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्हा मंचाने फेटाळली. राज्य आयोगाने यशराज फिल्म्सला १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च द्यायला सांगितलं. राष्ट्रीय आयोगाने ते कायम ठेवलं. २२ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला : प्रोमोमध्ये दाखवलं ते सगळं सिनेमात असेलच असा करार होत नाही, ही सेवेतली त्रुटी नाही.

कायद्याच्या बाजूने मला निकाल बरोबर वाटतो. प्रत्येक शॉटचा हिशोब द्यायचा तर काकासाहेबांचा चेहरा लपवणंही फसवणूक ठरेल, आणि मग ट्रेलर म्हणून फक्त कथासार उरेल. पण लपवणं आणि नसलेलं विकणं यात फरक आहे, आणि त्या शिक्षिकेचा राग मला पूर्ण कळतो. राक्षस उशिरा आला तर चालतो. राक्षस आलाच नाही तर पैसे परत.

तमाशाच्या फडाला हे कोर्टाने सांगावं लागत नव्हतं. बोर्डावर 'जहरी प्याला' लिहिलं आणि रात्री दुसरंच काही केलं, तर पुढच्या वर्षी त्याच गावच्या जत्रेत सुपारी कोण देणार? गावपंच तेच, मैदान तेच, माणसं तीच. आज सिनेमाचा धंदा पहिल्या तीन दिवसांत उरकतो, चौथ्या दिवशी कोणी शिव्या घातल्या तरी गल्ला आत. फसवायचं की नाही हे माणसाच्या चांगुलपणापेक्षा पुन्हा तोंड दाखवायचंय की नाही यावर जास्त ठरतं, असं माझं मत आहे. वेगळं वाटत असेल तर कमेंटमध्ये भांडा.

'कुंकू' ऑनलाइन शोधला तर सापडतो. प्रिंट जुनी आहे, आवाजात खरखर आहे, तरी हेडफोन लावून बघा, आणि घड्याळाकडे कान ठेवा. शेवट मी मुद्दाम सांगितलेला नाही. तो रुपेरी पडद्यावर.